विल्यम सायबॉर्नचे रणांगण

१८ जून १८१५ रोजी बेल्जममधील वॉटर्लू या गावाजवळ नेपोलियनचा अखेरचा पराभव झाला. त्या दिवशी इंग्रज व त्यांच्या मित्रांच्या सैन्याचे आधिपत्य ड्यूक ऑफ वेलिंग्टन याच्याकडे होते. हाच वेलिंग्टन १८०३ मध्ये, आर्थर वेलस्ली या नावाने, आपल्या महाराष्ट्रात आसई येथे मराठ्यांच्या फौजांशी लढला होता. या लढाईची हुबेहूब प्रतिकृती मेजावर मांडण्यासाठी ज्याने आपले आयुष्य वेचले, त्या विल्यम सायबॉर्नने मात्र ती लढाई पाहिलीच नव्हती.

सायबॉर्नचा जन्म १७९७ मध्ये इंग्लंडात झाला. वडिलांप्रमाणेच तोही सैन्यात शिरला. परंतु त्याची तुकडी फ्रान्समध्ये पोचली तेव्हा लढाई संपून गेली होती. जमिनीची मोजणी करून नकाशे काढण्यात त्याचा हातखंडा होता. १८२२ मध्ये त्याने या विषयावर एक पुस्तकही लिहिले. १८३० मध्ये तो आयर्लंडमध्ये लष्करी कचेरीत काम करीत असताना, वॉटर्लूच्या लढाईची प्रतिकृती तयार करण्याची कामगिरी सरसेनापती लॉर्ड हिल याने त्याच्यावर सोपविली.

सायबॉर्न थेट रणांगणावर गेला. ज्या शेतवाडीसाठी घनघोर झुंज झाली होती, त्या ला ए सँत येथे आठ महिने राहून त्याने तेथील चढउतार मोजले. काम सोपे नव्हते. लढाईचे स्मारक म्हणून तेथे सुमारे ४० मीटर उंचीचा मातीचा ढीग रचून त्यावर सिंहाचा पुतळा बसविला होता, आणि त्यासाठी लागणारी माती वेलिंग्टनच्या सैन्याने राखलेल्या टेकाडावरूनच खणून नेली होती!

जमीन मोजून झाली. पण माणसे कोठे उभी होती? सायबॉर्नने लढाईतील हयात अधिकाऱ्यांना पत्रे धाडली. संध्याकाळी सात वाजता तुमची तुकडी कोठे होती, समोर शत्रू कसा उभा होता, शेतात पीक कोणते होते, असे त्याचे प्रश्न असत. सातची वेळ त्याने मुद्दाम निवडली होती, कारण त्याच सुमारास नेपोलियनने आपले निवडक रक्षकदल अखेरच्या हल्ल्यासाठी पुढे सोडले होते. शेकडो उत्तरे आली. माहितीसाठी त्याने बर्लिनलाही लिहिले. कारण वेलिंग्टनच्या मदतीला धावून आलेले सैन्य प्रशियाचे होते.

इकडे १८३३ मध्येच सरकारने पैसा देणे थांबविले होते. सायबॉर्नने स्वतःचे व कर्जाऊ पैसे घालून काम पुढे रेटले. खर्च सुमारे ३,००० पौंडांवर गेला. त्याच्यासारख्या अधिकाऱ्याला ही रक्कम बुडविण्याइतकी मोठी होती. एका मैलाला नऊ फूट असे त्याचे प्रमाण होते. त्या हिशेबाने माणूस जेमतेम तीन मिलिमीटर उंच झाला असता. म्हणून बाहुल्या मोठ्या करून एक बाहुली म्हणजे दोन सैनिक असे धरले. अशा ७० हजारांहून अधिक बाहुल्या त्याने मांडल्या.

वाद उत्पन्न झाला तो प्रशियाच्या बाहुल्यांवरून. लढाईच्या दुसऱ्याच दिवशी लिहिलेल्या खलित्यात वेलिंग्टनने प्रशियाच्या मदतीचा उल्लेख केला होता. तथापि सात वाजता त्यांचे केवढे सैन्य कोठपर्यंत आले होते, याबाबत त्याचे व सायबॉर्नचे जमेना. सायबॉर्नने मांडलेल्या सुमारे ४८ हजार प्रशियन सैनिकांमुळे विजयाचे श्रेय वाटले जात आहे, असे वेलिंग्टनच्या बाजूच्या लोकांना वाटे. एका बाजूला राष्ट्राचा वीरपुरुष, दुसऱ्या बाजूला कर्जबाजारी अधिकारी, अशी ही स्थिती होती!

१८३८ मध्ये लंडनमध्ये प्रतिकृतीचे प्रदर्शन भरले. सुमारे एक लाख लोकांनी एकेक शिलिंग देऊन ती पाहिली, तरी सायबॉर्नच्या पदरी काही पडले नाही. अखेर त्याने प्रशियाच्या हजारो बाहुल्या उचलून घेतल्या. त्याने स्वतःची चूक मानली की परिस्थितीपुढे मान तुकविली, यावर इतिहासकारांत एकमत नाही. माझ्या मते, ज्या माणसाने शेतातील पिकांचीही चौकशी केली होती, त्याला त्या बाहुल्या उचलताना सुख झाले नसेल.

पुढे त्याने १८४४ मध्ये घोडदळाच्या हल्ल्याची दुसरी प्रतिकृती पुरी केली. त्याच वर्षी त्याचा या युद्धाचा इतिहासही प्रसिद्ध झाला. १८४९ मध्ये सायबॉर्न मरण पावला. त्याला आलेल्या पत्रांपैकी बरीचशी त्याच्या मुलाने १८९१ मध्ये छापून काढली.

मेजावर लढाई मांडण्याची हौस आज अनेक देशांत आहे. तिचा एक उगम प्रशियातच सापडतो. तेथे राइसविट्झ नावाच्या अधिकाऱ्याने १८२४ मध्ये नकाशावर खेळावयाचा युद्धाचा खेळ सेनाप्रमुख म्यूफ्लिंग याला दाखविला होता. हा म्यूफ्लिंग वॉटर्लूच्या दिवशी वेलिंग्टनच्याच छावणीत प्रशियाचा प्रतिनिधी होता. आजचे खेळाडू वॉटर्लूची लढाई मांडतात तेव्हा प्रशियाचे सैन्य मेजावर कधी आणि किती आणावयाचे, हा प्रश्न त्यांनाही सोडवावा लागतो, आणि सायबॉर्नने जमविलेली पत्रे त्यांच्या उपयोगी पडतात.

त्याची मोठी प्रतिकृती लंडनच्या चेल्सी भागातील राष्ट्रीय सेना संग्रहालयात आहे. उचललेले प्रशियन सैनिक मात्र तिच्यावर परत आलेले नाहीत.