विकरांच्या अभ्यासिका कमलाबाई सोहोनी

फुलबागेजवळून वाहणारा स्वर्णरेखेचा नाला आपल्यापैकी प्रत्येकाने पाहिलेला आहे. याच नाल्यापाशी १८५८ साली राणी लक्ष्मीबाईंचा घोडा अडला, ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. आज तेथे पाण्यापेक्षा रिकाम्या बाटल्या आणि पिशव्याच अधिक दिसतात. या बाटल्या ज्या प्लॅस्टिकच्या असतात ते कुजत नाही, मातीत मिसळत नाही. मात्र त्याचे तुकडे करणारी विकरे, म्हणजेच एंझाइम, शास्त्रज्ञांना आता सापडली आहेत व ती अधिक बळकट करण्याचे प्रयत्न जगभर चालू आहेत. त्या प्रयत्नांविषयी पुढे थोडे सांगणारच आहे. परंतु विकर हा शब्द उच्चारताच मराठी माणसास ज्या विदुषीचे स्मरण व्हावयास हवे, आणि जे सहसा होत नाही, त्यांचे चरित्र आधी सांगणे उचित होईल.

कमलाबाईंचा जन्म १९११ साली आपल्या शेजारच्या इंदुरास, भागवतांच्या घरी झाला. वडील नारायणराव आणि चुलते माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ. बंगलोरच्या टाटा विज्ञान संस्थेच्या अगदी आरंभीच्या विद्यार्थ्यांत दोघांचीही गणना होते. थोरली बहीण दुर्गा पुढे मराठी साहित्यात दुर्गा भागवत या नावाने अजरामर झाली. एका बहिणीने लोकसाहित्याचे व धर्मग्रंथांचे अरण्य धुंडाळले, दुसरीने प्रयोगशाळा जवळ केली. पण कोणापुढेही मान न तुकविण्याचा स्वभाव दोघींनी एकाच घरातून उचलला असावा असे वाटते.

१९३३ साली मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी. परीक्षेत कमलाबाई पहिल्या आल्या. वडील आणि चुलते जेथे शिकले त्याच संस्थेत आपणही जावे, ही इच्छा ओघानेच आली आणि त्यांनी अर्ज पाठविला. अर्ज नामंजूर झाला. गुण कमी पडले होते असे नव्हे; अर्जदार मुलगी होती, एवढेच कारण. संस्थेचे संचालकपद त्या वेळी नोबेल पारितोषिक विजेते सर चंद्रशेखर वेंकट रमण यांच्याकडे होते. एवढ्या थोर पुरुषाने नकार दिल्यावर वीस-बावीस वर्षांच्या मुलीने काय करावयाचे? कमलाबाई बंगलोरला गेल्या, संचालकांसमोर उभ्या राहिल्या आणि आपल्याला कोणत्या नियमाने नाकारले ते विचारू लागल्या. उत्तर मिळेना, तेव्हा त्यांनी गांधीजींच्या मार्गाने सत्याग्रह आरंभिला. अखेरीस प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिले वर्ष नियमित विद्यार्थी म्हणून गणना होणार नाही, मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्रीही काम करावे लागेल, आणि पुरुष संशोधकांचे लक्ष विचलित होता कामा नये. यांतील शेवटची अट वाचून आजच्या विद्यार्थिनींना हसू येईल. कमलाबाईंना ते आले नाही. तो अपमान त्या उतारवयातही विसरल्या नव्हत्या.

अटी मान्य करून त्या कामाला लागल्या. श्रीनिवासय्या हे त्यांचे गुरू. शिस्तीला कडक, पण शिष्येच्या बुद्धीची कदर करणारे. त्यांच्या हाताखाली कमलाबाईंनी दुधातील आणि कडधान्यांतील प्रथिनांचा अभ्यास केला. वर्षभरानंतर रमण यांचे मत पालटले, त्यांनी कमलाबाईंना नियमित विद्यार्थिनी म्हणून मान्यता दिली, आणि पुढे मुलींसाठी त्या संस्थेचा मार्ग मोकळा झाला. १९३६ साली त्यांना एम.एस्सी. पदवी मिळाली.

पुढच्याच वर्षी त्या केंब्रिजला गेल्या. व्हिटॅमिनांवरील संशोधनासाठी नोबेल पारितोषिक मिळविलेले सर फ्रेडरिक हॉपकिन्स तेथे जीवरसायनशास्त्राचे आचार्य होते. कमलाबाईंनी प्रथम डेरेक रिक्टर यांच्याकडे आणि नंतर रॉबिन हिल यांच्याकडे काम केले. हिल वनस्पतींचे अभ्यासक. त्यांच्याकडे कमलाबाईंनी जो पदार्थ हाताळला तो आपल्या घरातला साधा बटाटा होता! प्राण्यांप्रमाणेच वनस्पतीही श्वसन करतात आणि त्या श्वसनात विकरांची एक साखळी काम करते. सायटोक्रोम-सी हे लोहयुक्त प्रथिन त्या साखळीतील एक दुवा होय. वनस्पतींच्या पेशींतही हा दुवा असतो व तेच कार्य करतो, हे कमलाबाईंच्या कामातून पुढे आले. त्यांचा प्रबंध अवघ्या चाळीस पृष्ठांचा होता आणि चौदा महिन्यांत पुरा झाला. पानांच्या संख्येवरून निबंधाची योग्यता ठरविणाऱ्या आपल्यासारख्या विद्यार्थ्यांनी हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. १९३९ साली केंब्रिजने त्यांना पीएच.डी. दिली. विज्ञानात तेथील ही पदवी मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. गमतीची गोष्ट अशी की, त्याच विद्यापीठाने स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीचे पूर्ण सभासदत्व दिले ते त्यानंतर नऊ वर्षांनी, १९४८ साली.

तेथेच राहून संशोधन करणे त्यांना अशक्य नव्हते. परंतु त्या मायदेशी परतल्या. दिल्लीच्या लेडी हार्डिंज वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी जीवरसायन विभाग सांभाळला, पुढे कुन्नूरच्या पोषण संशोधन शाळेत काम केले. १९४७ साली श्री. सोहोनी यांच्याशी त्यांचा विवाह झाला व त्या मुंबईस आल्या. तेथील विज्ञान संस्थेत जीवरसायनशास्त्राच्या प्राध्यापक म्हणून त्यांनी आयुष्यातील सर्वांत फलदायी काळ घालविला.

येथे त्यांचे लक्ष पुन्हा कडधान्यांकडे वळले. वाल आपल्या घरी भिजवून, मोड आणून, सोलून मगच शिजवितात. कच्चा वाल कोणी खात नाही. का बरे? आपल्या आतड्यांत ट्रिप्सिन नावाचे एक विकर असते, ते प्रथिने पचविते. कच्च्या वालात असे एक द्रव्य असते की जे या ट्रिप्सिनलाच जखडून ठेवते. कमलाबाई आणि त्यांच्या सहकाऱ्याने वालातून व डबल बीमधून हे द्रव्य स्फटिकरूपात वेगळे केले आणि ते संशोधन १९५५ साली 'नेचर' या विख्यात नियतकालिकात प्रसिद्ध झाले. कडधान्यांतील अशा द्रव्यांचा जोर शिजविल्याने बराचसा नाहीसा होतो. आजीच्या स्वयंपाकघरातील शहाणपण ते हेच.

उष्णतेचा हा गुण प्लॅस्टिकच्या प्रश्नात मात्र शत्रू ठरतो. विकरे ही प्रथिनेच. अंडे उकडले की त्यातील पांढरा बलक जसा गोठतो, तशी तापविल्यावर बहुतेक विकरांची घडी उलगडते व ती निकामी होतात. जपानमधील साकाई येथे बाटल्यांच्या कचऱ्यात सापडलेल्या व २०१६ साली जाहीर झालेल्या जीवाणूचे विकर सुमारे ३० अंशांवर काम करते. (आपल्या ग्वाल्हेरचा ज्येष्ठही त्याला सोसायचा नाही.) उलट बाटलीचे प्लॅस्टिक सुमारे ७० अंशांवरच सैल पडते आणि विकराला आत शिरकाव मिळतो. म्हणून उष्णता सोसणारे विकर हवे. पालापाचोळ्याच्या खतात सापडलेल्या एका विकरात फ्रान्समधील तुलूझ येथील शास्त्रज्ञांनी चार ठिकाणी फेरफार केले. त्यांतील दोन फेरफारांनी गंधकाचा एक दुवा बसवून घडी घट्ट केली. ७२ अंशांवर दहा तासांत या विकराने ९० टक्के प्लॅस्टिक मूळ घटकांत विलग केले, हे २०२० साली प्रसिद्ध झाले. प्रथिनांची घडी कशाने टिकते व कशाने मोडते, हा प्रश्न कमलाबाईंच्या वालाच्या दाण्यातही होताच.

राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी नीरेचाही अभ्यास केला. नीरेत व तिच्यापासून केलेल्या गुळात लोह आणि जीवनसत्त्वे असतात. कुपोषित आदिवासी मुलांना व गर्भवती स्त्रियांना तिचा उपयोग होतो, असे या कामातून दिसून आले. त्यासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार लाभला. संस्थेचे संचालकपद मात्र त्यांना सहजासहजी मिळाले नाही. योग्यता सिद्ध झालेली असताना ते चार वर्षे लांबणीवर पडले. बंगलोरच्या दारात जी भिंत होती तिचा एक तुकडा स्वतंत्र भारतातही शिल्लक होता, असेच म्हणावे लागेल.

निवृत्तीनंतर त्या ग्राहक चळवळीत शिरल्या. भेसळ कशी ओळखावी, कोणत्या वस्तूपासून सावध राहावे, हे त्या सामान्य गृहिणींना लेखांतून समजावून सांगत असत. १९९८ साली भारतीय वैद्यकीय अनुसंधान परिषदेने दिल्लीत त्यांचा सत्कार केला. त्या समारंभातच त्या कोसळल्या आणि थोड्याच अवधीत, वयाच्या ८७ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.