लिलियन वॉल्ड

लिलियन वॉल्ड (१० मार्च, १८६७ - १ सप्टेंबर, १९४०) या अमेरिकेतील परिचारिका, समाजसुधारक आणि लेखिका होत्या. न्यू यॉर्क शहरातील हेन्री स्ट्रीट सेटलमेंट या संस्थेच्या त्या संस्थापक होत. घरोघर जाऊन केली जाणारी रुग्णसेवा आणि शाळांतील परिचारिकांची नेमणूक या दोन्ही गोष्टी अमेरिकेत रुजवण्याचे श्रेय मुख्यतः त्यांना दिले जाते.

सुरुवातीचे जीवन

वॉल्ड यांचा जन्म ओहायो राज्यातील सिनसिनाटी येथे एका सधन जर्मन-ज्यू कुटुंबात झाला. त्यांचे बालपण न्यू यॉर्क राज्यातील रॉचेस्टर येथे गेले. सोळाव्या वर्षी त्यांनी व्हासार महाविद्यालयात प्रवेश मागितला. परंतु वय लहान असल्याचे सांगून तो नाकारण्यात आला. पुढे बहिणीच्या आजारपणात तिची शुश्रूषा करण्यासाठी आलेल्या परिचारिकेला पाहून त्या या व्यवसायाकडे वळल्या आणि १८९१ मध्ये न्यू यॉर्क हॉस्पिटलच्या प्रशिक्षण विद्यालयातून उत्तीर्ण झाल्या.

पहिली नोकरी न्यू यॉर्क जुव्हेनाइल असायलम या मुलांच्या संस्थेत मिळाली. तेथील मुलांची यांत्रिकपणे घेतली जाणारी काळजी त्यांना मानवली नाही. सुमारे वर्षभरातच नोकरी सोडून त्यांनी वैद्यकीय शिक्षणासाठी महिला वैद्यकीय महाविद्यालयात नाव घातले.

हेन्री स्ट्रीट

हे शिक्षण मात्र पुरे झाले नाही. १८९३ मध्ये लोअर ईस्ट साइड या स्थलांतरितांच्या वस्तीत त्या स्त्रियांना घरगुती शुश्रूषेचे धडे देत असताना एक लहान मुलगी त्यांना आपल्या आजारी आईकडे घेऊन गेली. सात जणांचे ते कुटुंब पोटभाडेकरूंसह दोन खोल्यांत राहत होते आणि बाळंतीण दोन दिवसांपूर्वीच्या रक्तस्रावाने माखलेल्या बिछान्यावर पडून होती. वॉल्ड यांनी महाविद्यालय सोडले आणि मेरी ब्रूस्टर या सहकारी परिचारिकेसह त्या त्याच वस्तीत राहावयास गेल्या. १८९५ मध्ये जेकब शिफ या धनिकाच्या साहाय्याने हेन्री स्ट्रीटवरील घर मिळाले. मागील अंगणात मुलांसाठी क्रीडांगण करण्यात आले.

शालेय परिचारिका

या काळातील एक प्रसंग पुढील कार्याच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. डोक्यावरील त्वचारोगामुळे शाळेतून वारंवार परत पाठवला गेलेला एक मुलगा बाराव्या वर्षापर्यंत शाळेत बसू शकला नव्हता. दवाखान्यातून मलम मिळत होते. ते नीट व नियमितपणे लावण्याची व्यवस्था तेवढी नव्हती. वॉल्ड यांनी ती केली आणि मुलगा शाळेत जाऊ लागला.

शहरातील शाळांमध्येही हीच उणीव होती. तपासणीस येणारे डॉक्टर खुपऱ्या, गजकर्ण, उवा असलेल्या मुलांना घरी पाठवत. पुढे त्यांच्यावर उपचार होतात की नाही, हे कोणीच पाहत नसे. संसर्ग टळे, पण शिक्षण बुडे, आणि घरी गेलेली मुले सुटलेल्या वर्गमित्रांबरोबर रस्त्यावर खेळत ती गोष्ट वेगळीच. १९०२ मध्ये वॉल्ड यांनी आपल्या संस्थेतील लिना रॉजर्स ही परिचारिका महिनाभर प्रायोगिक तत्त्वावर देऊ केली. रॉजर्स चार शाळांत फिरत, किरकोळ आजारांवर तेथेच उपचार करत आणि उरलेल्या मुलांच्या घरी जाऊन आयांना समजावून सांगत. प्रयोग यशस्वी ठरल्यावर शहराने स्वतःच्या खर्चाने परिचारिका नेमल्या. वर्षभरात आजारामुळे घरी पाठवल्या जाणाऱ्या मुलांची संख्या सुमारे एक-दशांशावर आली.

संस्थेच्या परिचारिकांनी १९१४ मध्ये सर्व वयांच्या साडेतीन हजारांहून अधिक न्यूमोनिया रुग्णांची घरी शुश्रूषा केली. त्यांतील मृत्यूंचे प्रमाण सुमारे ८ टक्के, तर शहरातील चार मोठ्या रुग्णालयांत ते सुमारे ३१ टक्के होते. रुग्णालयात अधिक गंभीर रुग्ण जात असणार, त्यामुळे ही तुलना जपूनच घ्यावी लागते. तरीही घरची शुश्रूषा दुय्यम नाही, हे तिने दाखवले.

अन्य कार्य

मुलांच्या प्रश्नांसाठी स्वतंत्र केंद्रीय खाते असावे ही कल्पना वॉल्ड यांनी फ्लॉरेन्स केली यांच्यासह मांडली. १९१२ मध्ये राष्ट्राध्यक्ष टॅफ्ट यांच्या कारकिर्दीत बालक विभाग स्थापन झाला. ज्यूलिया लॅथ्रॉप त्याच्या पहिल्या प्रमुख झाल्या. पहिल्या महायुद्धाला वॉल्ड यांनी विरोध केला, त्यामुळे संस्थेचे काही देणगीदार दुरावले. द हाउस ऑन हेन्री स्ट्रीट (१९१५) आणि विंडोज ऑन हेन्री स्ट्रीट (१९३४) ही त्यांची पुस्तके होत.

प्रकृती ढासळल्यामुळे त्या १९३३ मध्ये निवृत्त झाल्या. कनेक्टिकटमधील वेस्टपोर्ट येथे त्यांचे निधन झाले. घरोघरच्या शुश्रूषेचा विभाग १९४४ मध्ये संस्थेपासून वेगळा होऊन व्हिजिटिंग नर्स सर्व्हिस ऑफ न्यू यॉर्क या नावाने चालू राहिला.