दर्पणकार बाळशास्त्री जांभेकर

जानेवारी महिन्यात आम्हा नागपूरकर ख्रिस्ती भाविकांच्या वाट्याला दोन अर्थपूर्ण दिवस येतात. ६ जानेवारी हा परंपरेने प्रभुप्रकटीकरणाचा सण, आणि त्याच दिवशी महाराष्ट्रात पत्रकार दिन पाळला जातो. २४ जानेवारी हा संत फ्रान्सिस डी सेल्स यांचा सण. आमचे कॅथेड्रल त्यांच्याच नावे उभे आहे, आणि १९२३ साली पोप पायस अकरावे यांनी त्यांना लेखक व पत्रकारांचे आश्रयदाते घोषित केले. या निमित्ताने मराठी पत्रकारितेचे जनक बाळशास्त्री जांभेकर यांचे स्मरण करणे आम्हांला उचित वाटते.

बाळशास्त्रींचा जन्म १८१२ साली कोकणातील पोंभुर्ले या गावी झाला. वडील गंगाधरशास्त्री यांच्याकडे संस्कृतचे धडे गिरवून ते मुंबईस आले आणि इंग्रजी व गणितात पारंगत झाले. वयाच्या अवघ्या विसाव्या वर्षी, ६ जानेवारी १८३२ रोजी, त्यांनी ‘दर्पण’ हे पहिले मराठी वृत्तपत्र सुरू केले. आरंभी पाक्षिक असलेले हे पत्र काही महिन्यांतच साप्ताहिक झाले. त्यात शेजारीशेजारी दोन स्तंभ असत, एक मराठी व दुसरा इंग्रजी. राज्यकर्त्यांना प्रजेचे मन कळावे आणि प्रजेला जगाचे ज्ञान मिळावे, असा हा दुहेरी आरसा होता. विधवांच्या दुःस्थितीसारखे विषय त्यांनी निर्भीडपणे मांडले.

१८३४ साली ते एल्फिन्स्टन महाविद्यालयातील पहिले भारतीय प्राध्यापक झाले. १८४० साली ‘दर्पण’ बंद पडले. परंतु त्याच वर्षी त्यांनी ‘दिग्दर्शन’ हे पहिले मराठी मासिक काढून भूगोल, इतिहास व विज्ञान सामान्य वाचकाच्या दारी नेले. १८४५ साली ज्ञानेश्वरीची पहिली मुद्रित आवृत्तीही त्यांनीच सिद्ध केली.

त्यांच्या जीवनातील एक प्रसंग आम्ही ख्रिस्ती वाचकांनी विशेष लक्षात घ्यावा. १८४३ साली नारायण शेषाद्री या तरुणाने ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यांचा अल्पवयीन भाऊ श्रीपाद हाही मिशनऱ्यांच्या घरी राहिला होता. प्रकरण न्यायालयात गेले आणि मुलगा वडिलांच्या स्वाधीन झाला; पण ख्रिस्ती घरी राहिला म्हणून स्वजातीयांनी त्याला नाकारले. बाळशास्त्री मिशनऱ्यांच्या बाजूचे नव्हते. मुलाने स्वधर्मातच राहावे, अशी त्यांची इच्छा होती. मात्र त्याच्यासाठी दार बंद करणाऱ्या स्वकीयांपुढेही ते नमले नाहीत. प्रायश्चित्त देऊन त्याला समाजात परत घ्यावे, यासाठी ते झटले आणि त्यापायी त्यांनी सनातन्यांचा बहिष्कार सोसला.

आपण त्यांच्या बाजूचे असतो वा नसतो, दोन समाजांच्या वादात सापडलेल्या एका बालकाचे हित त्यांनी नजरेआड होऊ दिले नाही, हे मान्य करावेच लागेल. दुसऱ्याला आरसा दाखवणे सोपे असते; त्यांनी तो प्रथम आपल्याच लोकांपुढे धरला.

मे १८४६ मध्ये, वयाच्या अवघ्या चौतिसाव्या वर्षी, त्यांचे मुंबईत निधन झाले. लेखणी हाती घेणाऱ्या प्रत्येकाला, आणि आपल्या धर्मग्रामांतील पत्रके सिद्ध करणाऱ्या युवकांना, त्यांचे धैर्य व संत फ्रान्सिस यांची सौम्यता लाभो, हीच प्रभुचरणी प्रार्थना.