कार्लाईल यांची निःशब्द खोली

रात्रपाळी करून आलेल्या माणसाला सकाळी झोप हवी असते आणि नेमका तेव्हाच भिंतीपलीकडे टीव्ही सुरू होतो. तारापूरच्या कारखान्यांच्या पाळ्यांवर दिवस ठरणाऱ्या सरावली-बोईसरसारख्या वस्तीत ही तक्रार नवी नाही. अशा वेळी भिंत जाड करून घ्यावी, हा पहिला विचार मनात येतो. १८५३ मध्ये लंडनमधल्या एका नामवंत लेखकाने नेमका हाच उपाय केला होता.

थॉमस कार्लाईल यांचा जन्म ४ डिसेंबर १७९५ रोजी स्कॉटलंडमधील एका गवंड्याच्या घरी झाला. १८२६ मध्ये जेन वेल्श यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि १८३४ मध्ये हे दांपत्य लंडनच्या चेल्सी भागात राहायला आले. त्यांचे घर ओळीतले होते, म्हणजे बाजूच्या भिंती शेजाऱ्यांशी सामाईक. फ्रेंच राज्यक्रांतीच्या इतिहासाने १८३७ मध्ये त्यांना कीर्ती दिली, पण अपचन आणि निद्रानाशाने आयुष्यभर पाठ सोडली नाही. शेजारचा पियानो आणि पहाटे आरवणारे कोंबडे यांनी ते हैराण होत.

अखेर त्यांनी गच्चीखाली, माळ्यावर नवी खोली बांधून घेतली. आतून दुसरी भिंत, मध्ये हवेची पोकळी, छतालाही तसाच थर आणि उजेडासाठी वर काचेचे झरोके. खर्च भरपूर झाला, पण शांतता मिळाली नाही. शेजारचे काही आवाज दबले. मात्र नदीवरच्या बोटींचे भोंगे आणि रेल्वेच्या शिट्ट्या ऐकू येऊ लागल्या.

याचे कारण साधे आहे. आवाज सर्वांत कमकुवत वाटेने आत शिरतो. भिंत कितीही भक्कम असली तरी पातळ काच आणि हवेच्या फटी तिची मेहनत वाया घालवतात. शिवाय जवळचा गोंगाट कमी झाला, की त्याखाली दबलेले लांबचे आवाज कानाला जाणवू लागतात. तरीही कार्लाईल यांनी त्याच खोलीत फ्रेडरिक द ग्रेट यांचे सहा खंडी चरित्र लिहिले. ते १८६५ मध्ये पूर्ण झाले. कोंबड्यांचा प्रश्न मात्र जेन यांनी शेजाऱ्यांशी बोलणी करून सोडवला. त्या १८६६ मध्ये, तर कार्लाईल ५ फेब्रुवारी १८८१ रोजी वारले. त्यांचे घर आज स्मारक म्हणून जपले आहे.

आजही क्रम तोच ठेवावा. आधी दार, खिडकी आणि वायरींच्या भोकांभोवतीच्या फटी बुजवाव्यात. मग गरज असेल तर जुन्या भिंतीपासून सुटी चौकट उभारून पोकळीत रॉकवूल भरावे, वर जड जिप्सम बोर्ड लावून कडा बंद कराव्यात. भिंतीला चिकटवलेला फोम किंवा अंड्यांचे ट्रे खोलीतला घुमारा कमी करतात, पलीकडचा आवाज अडवत नाहीत. भिंतीचे वजन दुप्पट केले तरी साधारण ५ ते ६ डेसिबलचाच फरक पडतो. निवासी भागासाठी रात्री १० ते सकाळी ६ ही मर्यादा ४५ डेसिबल आहे. दिवसा झोपणाऱ्याला मात्र ५५ डेसिबलच्या मर्यादेवर भागवावे लागते. म्हणून खर्चात पडण्याआधी शेजाऱ्याला पाळीची वेळ सांगून स्पीकर भिंतीपासून दूर ठेवण्याची विनंती करावी. जेन यांचा उपाय सर्वांत स्वस्त होता.