रमाईंची पाच घरे आणि तेरखेड्यातले घरकुल



दरवर्षी ७ फेब्रुवारीला आपण माता रमाईंची जयंती साजरी करतो आणि २७ मे रोजी त्यांच्या स्मृतीला अभिवादन करतो. भाषणांत त्याग हा शब्द हमखास येतो. रमाई कुठे राहिल्या, त्या घराचे भाडे कोण भरायचे, पैसा कुठून यायचा, याविषयी फारसे बोलले जात नाही. धाराशिव जिल्ह्यातल्या वाशी तालुक्यात, तेरखेडा आणि आसपासच्या वस्त्यांमध्ये आम्ही घरकुलांच्या कागदपत्रांसाठी फिरतो. या कामात रमाईंचे नाव रोज तोंडी असते, कारण अनुसूचित जाती आणि नवबौद्ध कुटुंबांसाठीच्या घरकुल योजनेचे नावच रमाई आवास योजना आहे. म्हणून या वेळी आम्ही रमाईंचे चरित्र त्यांच्या घरांच्या अंगाने सांगणार आहोत.

रमाईंचा जन्म ७ फेब्रुवारी १८९८ रोजी दापोलीजवळच्या वणंद गावी झाला. वडील भिकू धुत्रे दाभोळ बंदरात माशांच्या टोपल्या वाहायचे. घर कोकणातल्या कोणत्याही गरीब कष्टकऱ्याचे असते तसे, मातीचे आणि शाकारलेले. हे त्यांचे पहिले घर. ते फार काळ टिकले नाही. आई गेली, पाठोपाठ वडीलही गेले आणि भावंडे पोरकी झाली. नातेवाईकांनी मुलांना मुंबईला नेले. भायखळा बाजाराच्या परिसरातली चाळ हे रमाईंचे दुसरे घर.

रमाईंच्या जन्माच्याच वर्षी, १८९८ मध्ये, मुंबईत बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. १८९६ च्या प्लेगने मुंबईच्या दाट वस्त्या उघड्या पाडल्या होत्या. सरकार आणि पालिकेकडून मिळालेल्या जमिनी आणि कर्जरोख्यांतून उभा केलेला पैसा यांच्या बळावर जुन्या वस्त्या पाडायच्या, रस्ते काढायचे आणि कामगारांसाठी चाळी बांधायच्या, असे त्याचे काम होते. सुरुवातीच्या वर्षांत ट्रस्टने पाडले जास्त आणि बांधले कमी. ज्यांची खोली पाडली गेली ते शेजारच्या वस्तीत आणखी दाटीने राहू लागले. घरबांधणीसाठी पैसा उभा राहिला तरी तो गरिबापर्यंत पोचतोच असे नाही, हा धडा मुंबईला तेव्हाच मिळाला होता. पुढे याच ट्रस्टच्या चाळीत रमाईंचे आयुष्य गेले.

रमाई आठ-नऊ वर्षांच्या असताना त्यांचे लग्न सुभेदार रामजी सकपाळांचे धाकटे चिरंजीव भीमराव यांच्याशी झाले. मंगल कार्यालयाचा खर्च दोन्हीकडच्यांना झेपणारा नव्हता. भायखळ्याच्या बाजारात रात्री दुकाने बंद झाल्यावर एका बाजूला वऱ्हाडी आणि दुसऱ्या बाजूला वधूकडची मंडळी बसली. ओट्यांचीच बाके झाली आणि पायाखालून गटाराचे पाणी वाहत होते. पहाटे कोळणी आणि भाजीवाले येण्याआधी जागा रिकामी करायची होती. काही तासांसाठी उसनी मिळालेली ती जागा होती.

लग्नानंतर रमाई लोअर परळच्या डबक चाळीत आल्या. हे तिसरे घर म्हणजे एकच खोली. तिथेच चूल, भांडी, सरपण आणि माणसे. भीमराव रात्री अभ्यासाला उठायचे तेव्हा उशाशी जाते आणि पायाशी बांधलेली शेळी असायची, असे चरित्रकारांनी नोंदवले आहे. जगातल्या मोठ्या विद्यापीठांकडे जाणारी वाट अशा खोलीतून निघाली.

१९१२ च्या सुमारास हे कुटुंब परळच्या पोयबावडीतल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत आले. चाळ क्रमांक १, दुसरा मजला, समोरासमोरच्या ५० आणि ५१ क्रमांकाच्या खोल्या. एकीत संसार, दुसरीत बाबासाहेबांची पुस्तके आणि पुढे भेटायला येणारी माणसे. नळ आणि संडास सामाईक. हे रमाईंचे चौथे घर. त्यांच्या आयुष्याची सुमारे वीस वर्षे इथे गेली.

२ फेब्रुवारी १९१३ रोजी सुभेदार गेले. त्याच वर्षी बाबासाहेब बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. ती शिष्यवृत्ती एका विद्यार्थ्यासाठी होती. १९१७ साली बाबासाहेब परतले आणि करारानुसार बडोद्यात नोकरीला गेले. तिथे त्यांना राहायला जागा मिळाली नाही. पारशी धर्मशाळेतून काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. खिशात पगार होता, हाती पदव्या होत्या, तरी भाड्याने खोली मिळाली नाही. पैसा हा घराच्या प्रश्नाचा एक भाग आहे आणि जात हा दुसरा, हे आपल्या लोकांना पुस्तकातून शिकावे लागत नाही.

पुढे सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी मिळाली. दरमहा साडेचारशे रुपये पगार त्या काळात मोठा होता. पण बाबासाहेबांना लंडनचे अर्धवट राहिलेले शिक्षण पूर्ण करायचे होते. रमाईंनी ठरावीक रकमेत घर चालवले आणि बाकीचे पैसे शिल्लक पडत गेले. १९२० साली बाबासाहेब पुन्हा लंडनला गेले ते ही शिल्लक, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेले कर्ज यांच्या जोरावर. मागे चाळीत रमाई, मुले, थोरल्या जाऊबाई लक्ष्मीबाई आणि पुतण्या मुकुंद होते. रमाईंनी शेण गोळा करून गोवऱ्या थापल्या आणि विकल्या, हे आपल्या घराघरांत सांगितले जाते. धारवाडच्या वसतिगृहातल्या मुलांसाठी त्यांनी हातातल्या बांगड्या गहाण टाकायला दिल्याची आठवणही आपले वडीलधारे सांगत आले आहेत.

लंडनमध्ये बाबासाहेब रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध लिहीत होते. १९२३ साली तो प्रसिद्ध झाला. चलनाची किंमत घसरली की त्याचा फटका मजुरी करून जगणाऱ्याला बसतो, हा त्यातला एक मुख्य मुद्दा. त्याच काळात परळच्या खोलीत रमाई त्याच रुपयात महिना भागवत होत्या. त्यांच्या पाच मुलांपैकी यशवंतराव तेवढे जगले. गंगाधर, रमेश, इंदू आणि १९२६ मध्ये राजरत्न, अशी चार लेकरे त्यांनी गमावली. दाटीची वस्ती, अपुरे अन्न, औषधाला पैसा नाही, या सगळ्याची किंमत त्या आईने मोजली.

१९३० साली बाबासाहेबांनी दादरच्या हिंदू कॉलनीत दोन भूखंड घेतले. बांधकामासाठी इम्पीरियल बँक ऑफ इंडियाचे कर्ज काढले. हीच बँक १९५५ मध्ये स्टेट बँक झाली. एका भूखंडावर स्वतःसाठी आणि पुस्तकांसाठी घर, दुसऱ्यावर भाड्याने द्यायची इमारत, अशी योजना होती. अर्थशास्त्रज्ञाने आखलेला हा हिशेब होता. भाड्याच्या इमारतीला चार मिनार आणि घराला मगधाच्या प्राचीन राजधानीवरून राजगृह असे नाव दिले. चार मिनार १९३२ मध्ये आणि राजगृह १९३३ मध्ये पूर्ण झाले. पुढे १९४१ साली कर्ज फेडण्यासाठी आणि पुस्तकांसाठी बाबासाहेबांनी चार मिनार विकली, राजगृह मात्र राखले.

राजगृह हे रमाईंचे पाचवे आणि शेवटचे घर. मोकळी हवा, प्रशस्त खोल्या, दारात आपलीच पाटी. पण तोवर शरीर थकले होते. आजार हटला नाही आणि २७ मे १९३५ रोजी त्यांनी राजगृहातच शेवटचा श्वास घेतला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बाबासाहेबांनी येवल्याची घोषणा केली. १९४० साली निघालेला 'थॉट्स ऑन पाकिस्तान' हा ग्रंथ त्यांनी रमाईंच्या स्मृतीला अर्पण केला.

आता तेरखेड्याकडे येऊ. सोलापूर-धुळे महामार्गावरचे हे गाव फटाक्यांच्या कारखान्यांसाठी ओळखले जाते. दिवाळीआधी आपल्या वस्त्यांतल्या कित्येक बाया दारूकामाच्या मजुरीला जातात. या भागातली अनेक कुटुंबे मुकादमाकडून उचल घेऊन ऊसतोडीला जातात. घर मात्र बरेचदा पत्र्याचे असते. रमाई आवास योजनेत ग्रामीण सर्वसाधारण भागासाठी घरामागे १,२०,००० रुपये आणि २६९ चौरस फुटांचे बांधकाम असा हिशेब वर्षानुवर्षे राहिला. पैसे टप्प्याने येतात. जोते झाले की हप्ता, छतापर्यंत काम आले की हप्ता. म्हणजे पुढचा हप्ता मिळण्यासाठी आधी स्वतःचे पैसे घालून काम दाखवावे लागते. सिमेंट, सळई, वाळू, गवंड्याची मजुरी उधारीवर होत नाही. ज्याच्याकडे पैसे नाहीत म्हणून घरकुल मंजूर झाले, त्यालाच आधी पैसे घालायला सांगितले जाते.

आमच्या ओळखीच्या एका ताईंचे घर लिंटेलपर्यंत येऊन थांबले. बँकेने तारण मागितले. जागा गावठाणातली, हातात फक्त नमुना ८ चा उतारा. तो कर आकारणीचा कागद असतो, मालकीचा पुरावा म्हणून बँक त्याला मानत नाही. गटाच्या कर्जाची रक्कम अपुरी आणि वसुली लगेच सुरू होणारी. शेवटी नवरा-बायकोने मुकादमाची उचल घेतली. स्लॅब पडला, पण ते दोघे सहा महिने कोयता घेऊन दुसऱ्या जिल्ह्यात आणि मुले आजीकडे. त्या घराचे तारण त्यांचे अंग होते, असेच म्हणावे लागेल.

म्हणून आम्हाला राजगृहाच्या कर्जाची गोष्ट महत्त्वाची वाटते. कर्ज काढून घर बांधण्यात कमीपणा नाही, बाबासाहेबांनीही ते केले. त्यांच्याकडे भूखंडाची मालकी होती, बॅरिस्टरीचे उत्पन्न होते, म्हणून बँक दारात उभी करू शकली. आपल्या ताईंकडे कष्ट आहेत, मालकीचा कागद नाही. बांगलादेशात ग्रामीण बँकेने १९८४ पासून भूमिहीन बायांना घरासाठी कर्ज दिले आणि जागा बाईच्या नावावर असावी अशी अट घातली. त्या उपक्रमाला १९८९ मध्ये वास्तुकलेचा आगाखान पुरस्कार मिळाला. गरीब बाई कर्ज फेडते, फक्त तिच्या पायाखालची जमीन तिच्या नावावर हवी.

आमचे म्हणणे साधे आहे. पहिले, घरकुलाच्या मंजुरीआधी गावठाणातल्या जागेची सनद मिळावी आणि तिच्यावर बाईचे नाव असावे. दुसरे, पहिला हप्ता जोत्याचे काम सुरू करता येईल इतका आणि वेळेत यावा. तिसरे, उरलेल्या रकमेसाठी बँकांनी कमी व्याजाचे, लांब मुदतीचे छोटे कर्ज द्यावे, म्हणजे कुणाला उचल घ्यावी लागणार नाही. आणि आपल्या विहारांनी, बचत गटांनी जयंतीच्या खर्चातला काही भाग वस्तीच्या फिरत्या निधीत ठेवावा, अडलेल्या स्लॅबसाठी तो उसना देता येईल.

रमाईंना स्वतःचे घर मिळायला आयुष्य गेले आणि मिळाले तेव्हा राहायला दिवस उरले नाहीत. त्यांच्या नावाने मंजूर झालेले घर वेळेत उभे राहावे आणि त्यात आपल्या बायांनी धडधाकट असताना राहावे, एवढे तरी आपण त्यांचे देणे लागतो.

माता रमाईंच्या स्मृतीला विनम्र अभिवादन.