चिजांचा राखणदार : पं. विष्णु नारायण भातखंडे

मूर्ती देवळात राहते, चित्र भिंतीवर राहते. गाणे मात्र गवयाच्या गळ्यात असते आणि गवई गेला की त्याच्याबरोबर जाते. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी घराण्यातील चिजा मोजक्या शागिर्दांनाच मिळत. इतरांपासून त्या घरातल्या दागिन्यांसारख्या जपल्या जात. हे धन बुडू नये म्हणून पं. विष्णु नारायण भातखंडे यांनी आयुष्य वेचले.

त्यांचा जन्म मुंबईस वाळकेश्वरी १० ऑगस्ट १८६० रोजी झाला. पेशा वकिलीचा, ओढ मात्र गाण्याची. गायन उत्तेजक मंडळीत त्यांनी रावजीबुवा बेलबागकरांकडून ध्रुपदे घेतली. १९०० साली पत्नी व १९०३ साली मुलगी निवर्तली. त्यानंतर संगीत हाच त्यांचा संसार झाला. पुढे वकिलीही सुटली.

१९०४ साली ते दक्षिणेत गेले. तंजावर, मदुराई, एट्टयपुरम, म्हैसूर असे हिंडत त्यांनी विद्वान गाठले, पोथ्या पाहिल्या, रोजच्या नोंदी ठेवल्या. व्यंकटमखीच्या ‘चतुर्दंडिप्रकाशिके’तील ७२ मेळांची मांडणी त्यांना मोलाची वाटली. हिंदुस्थानी राग त्यांनी १० थाटांत बसविले. उत्तरेत हिंडताना निरनिराळ्या घराण्यांत एकच राग कसा गातात हे त्यांनी ताडून पाहिले. रामपूरच्या वजीरखांचे शिष्यत्वही पत्करले. मिळालेल्या शेकडो चिजा सोप्या स्वरलिपीत उतरवून त्यांनी ‘क्रमिक पुस्तकमालिके’च्या सहा भागांत सर्वांसाठी खुल्या केल्या.

१९१६ साली सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने बडोद्यास त्यांनी संगीत परिषद भरविली. १९१८ साली ग्वाल्हेरचे माधव संगीत विद्यालय व १९२६ साली लखनौचे मॅरिस कॉलेज त्यांच्याच प्रयत्नांतून उभे राहिले.

त्यांच्यावर टीकाही झाली. सगळे राग १० थाटांत नीट बसत नाहीत. मींड, स्वराचा लगाव, गवयाचा स्वभाव कागदावर उतरत नाही. हे आक्षेप खोटे नव्हेत. पण पुस्तकांवर विसंबून न राहता भातखंड्यांनी श्रीकृष्ण रातंजनकरांसारखे शिष्यही घडविले, हे विसरता कामा नये. पुस्तकाने चीज वाचते, शिष्याने गायकी वाचते. जतनाला दोन्ही लागतात.

१९३३ साली अर्धांगवायूने त्यांना अंथरुणास खिळविले व १९ सप्टेंबर १९३६ रोजी त्यांचे निधन झाले. आज कोणत्याही घराण्याचा गंडा न बांधलेला विद्यार्थी पुस्तक उघडून जुनी चीज वाचू शकतो. ती गळ्यात उतरविणे मात्र त्याने गुरूपुढे बसूनच साधायचे आहे.