विश्लेषण : जनावरांच्या डॉक्टरने सायकलच्या चाकात हवा भरली; मग पेटंट का गमावले? माउंटन बाइकचा टायर निवडताना डनलॉप यांचा धडा आजही का लागू पडतो?

माउंटन बाइक घेतल्यावर अनेकांचा पहिला समज असा असतो, की टायर जितका टणक फुगवावा तितकी सायकल जोरात पळेल. डोंगरवाटेवर नेमके उलटे घडते. खडबडीत रस्त्यावर थोडा मऊ टायर जास्त वेगाने जातो, हे स्कॉटलंडमध्ये जन्मलेल्या एका पशुवैद्याने १३५हून अधिक वर्षांपूर्वी दाखवून दिले. जॉन बॉइड डनलॉप हे त्यांचे नाव. हे नाव जगभरच्या टायरांवर उमटले, पण शोधाचे पेटंट त्यांच्याकडे टिकले नाही. त्यांनी बनवलेला टायरही फार काळ जसाच्या तसा राहिला नाही. असे का झाले, आणि आजच्या सायकलस्वाराने त्यातून काय घ्यावे, याचा हा आढावा.

डनलॉप कोण होते?

जॉन बॉइड डनलॉप यांचा जन्म ५ फेब्रुवारी १८४० रोजी स्कॉटलंडमधील आयरशायर परगण्यातील ड्रेगहॉर्न येथे शेतकरी कुटुंबात झाला. एडिंबरा येथे पशुवैद्यकाचे शिक्षण घेऊन वयाच्या १९व्या वर्षी ते पदवीधर झाले. काही वर्षे तिथेच व्यवसाय केल्यानंतर १८६७ मध्ये ते आयर्लंडला गेले. आधी डाउनपॅट्रिक येथे आणि नंतर बेलफास्ट शहरात त्यांनी जम बसवला. त्या काळी शहराची सगळी वाहतूक घोड्यांवर चाले. त्यामुळे घोड्यांच्या डॉक्टरला कामाची ददात नव्हती. १८८०च्या दशकात बेलफास्टमधील त्यांचा दवाखाना भरभराटीला आला होता आणि त्यांच्याकडे नाल ठोकणारे कारागीरही कामाला होते. थोडक्यात, पैशासाठी नवा शोध लावण्याची त्यांना गरज नव्हती. स्वतःची प्रकृती नाजूक आहे, असे मात्र ते आयुष्यभर मानत आणि तब्येतीला जपून राहत.

हवेच्या टायरची कल्पना कशी सुचली?

निमित्त होते मुलाच्या तीनचाकी सायकलचे. त्या काळच्या सायकलींना भरीव रबराच्या पट्ट्या असत आणि बेलफास्टचे रस्ते दगडी फरशांचे होते. डनलॉप यांचा नऊ-दहा वर्षांचा मुलगा जॉनी याला सायकल चालवताना हादरे बसत आणि वेगही मिळत नसे. हादरे कमी करायचे तर स्प्रिंग लावता आली असती. पण डनलॉप यांनी प्रश्न वेगळ्या बाजूने पाहिला. चाक जिथे जमिनीला टेकते, तिथेच हादरा गिळला गेला तर?

ऑक्टोबर १८८७ मध्ये त्यांनी पातळ रबराच्या पत्र्याची नळी तयार केली. ती लाकडी चकतीच्या कडेवर बसवली, वरून कापड गुंडाळून खिळ्यांनी पक्के केले आणि फुटबॉलच्या पंपाने हवा भरली.

अंगणातील चाचणीने काय सिद्ध केले?

डनलॉप यांनी घराच्या अंगणात दोन चाके घरंगळत सोडली. एक होते तीनचाकीचे भरीव रबराचे चाक आणि दुसरे हवा भरलेली लाकडी चकती. भरीव चाक अंगणाच्या टोकाला पोहोचण्याआधीच आडवे झाले. हवेचे चाक मात्र अंगण ओलांडून फाटकाच्या खांबाला धडकले आणि उलट उसळले.

यामागचे कारण साधे आहे. भरीव चाक खड्यावर चढते तेव्हा सायकल आणि स्वार दोन्ही वर उचलले जातात. पुढे जाण्यासाठी लावलेली ताकद अशा प्रत्येक उचलीत खर्च होते. हवेचा टायर तेवढ्याच जागी दबतो, खडा पोटात घेतो आणि खडा मागे पडताच दबलेली बरीचशी ऊर्जा परत देतो. चाकाचा आस जवळपास सरळ रेषेत पुढे जातो. म्हणजे आराम आणि वेग या दोन परस्परविरोधी गोष्टी नाहीत. खडबडीत जमिनीवर एकामुळेच दुसरी मिळते. १८८८च्या फेब्रुवारी महिन्याच्या अखेरीस जॉनीच्या तीनचाकीला हवेचे टायर बसले. जुलैमध्ये डनलॉप यांनी पेटंटसाठी अर्ज केला आणि ७ डिसेंबर १८८८ रोजी त्यांना पेटंट मिळाले.

बाजाराचा विश्वास कशामुळे बसला?

जाडजूड, फुगीर टायर पाहून लोक आधी हसले. १८ मे १८८९ रोजी बेलफास्टच्या क्वीन्स कॉलेजच्या मैदानावर सायकल शर्यती झाल्या. स्थानिक सायकल क्लबचा कर्णधार विली ह्यूम हवेचे टायर लावून उतरला आणि त्याने चारही शर्यती जिंकल्या. तो काही पहिल्या फळीचा शर्यतपटू मानला जात नव्हता. त्यामुळे विजय टायरचा आहे, हे कोणाला समजावून सांगावे लागले नाही. पुढे लिव्हरपूलमध्येही त्याने एक वगळता सर्व शर्यती मारल्या.

ह्यूमकडून हरलेल्यांमध्ये डब्लिनचे उद्योजक आणि आयरिश सायकलपटू संघटनेचे अध्यक्ष हार्वी दू क्रो यांची मुलेही होती. दू क्रो यांनी संधी ओळखली. १८८९ मध्ये डब्लिन येथे टायर कंपनी उभी राहिली. डनलॉप यांनी आपले पेटंट कंपनीच्या स्वाधीन केले आणि बदल्यात १,५०० शेअर घेतले.

पेटंट रद्द का झाले?

पेटंट मिळून दोन वर्षे होतात तोच धक्का बसला. हवेच्या टायरचे पेटंट आधीच दिले गेले होते! रॉबर्ट विल्यम थॉमसन या दुसऱ्या स्कॉटिश माणसाने १८४५ मध्ये, अवघ्या २३व्या वर्षी, ब्रिटनमध्ये ते मिळवले होते. फ्रान्स आणि अमेरिकेतही त्याची नोंद झाली होती. लंडनच्या रीजंट्स पार्कमध्ये घोडागाड्यांना असे टायर लावून चाचणीही झाली होती. डनलॉप यांना याची कल्पना नव्हती. पण पेटंटच्या कायद्यात अज्ञान हा बचाव होत नाही. कल्पना आधी नोंदलेली असेल, तर नंतरच्या दाव्याला अर्थ उरत नाही.

मग थॉमसन यांचा टायर विस्मरणात का गेला? एक तर रबर महाग होते. दुसरे, १८४५ मध्ये सायकलच अस्तित्वात नव्हती. टायर लावायचा तर जड घोडागाडीला. तिसरे, त्या टायरचे चामड्याचे आवरण बोल्टने चाकाला जखडावे लागे. थॉमसन पुढे स्वतःच भरीव रबराच्या टायरांकडे वळले आणि १८७३ मध्ये वारले. आपली कल्पना पुढे जग व्यापणार आहे, हे त्यांना कळलेच नाही.

पेटंट गेले, तरी कंपनी कशी तगली?

इथे खरा मुद्दा येतो. हवा भरण्याची कल्पना जुनी ठरली होती. पण टायर चाकावर बसवायचा आणि काढायचा कसा, हा प्रश्न सुटलेला नव्हता. डनलॉप यांचा टायर रिमला चिकटवलेला असे. पंक्चर झाले की आवरण सोलून काढायचे, नळी दुरुस्त करायची, पुन्हा चिकटवायचे आणि डिंक वाळेपर्यंत थांबायचे. घराबाहेर पडलेल्या स्वारासाठी पंक्चर म्हणजे प्रवासाचा शेवटच.

१८९० मध्ये चार्ल्स वेल्च यांनी टायरच्या कडेत तार घालून तो खोलगट रिममध्ये बसवण्याची पद्धत शोधली. त्याच वर्षी विल्यम बार्टलेट यांनी टायरची जाड कड रिमच्या वळलेल्या ओठात अडकवण्याची युक्ती काढली. दू क्रो यांच्या कंपनीने या दोन्हींचे हक्क विकत घेतले आणि त्यावरच ती तगली. फ्रान्समध्ये मिशलँ बंधूंनी १८९१ मध्ये सुटा करता येणारा टायर आणला. त्याच वर्षी पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस ही सुमारे १,२०० किलोमीटरची शर्यत शार्ल तेराँ याने त्या टायरांवर जिंकली. वाटेत पंक्चर झाले तरी शर्यत जिंकता येते, हे तेव्हा सिद्ध झाले.

आज माउंटन बाइकचा टायर निवडताना काय पाहावे?

* मोजमाप : टायरच्या बाजूवर ५७-६२२ असा आकडा असतो. पहिला आकडा मिलिमीटरमधील रुंदी, तर दुसरा रिमवर टायर जिथे बसतो तिथला व्यास. २९ इंची चाकासाठी ६२२, साडेसत्तावीससाठी ५८४ आणि २६ इंचीसाठी ५५९ हा आकडा जुळलाच पाहिजे. इंचांवर विसंबू नये.
* नक्षी : टणक मातीसाठी बुटकी, जवळजवळ असलेली बोंडे, चिखल आणि सैल मातीसाठी उंच, विरळ बोंडे. सह्याद्रीत उन्हाळ्यातील मुरूम आणि पावसाळ्यातील चिखल यांसाठी एकच टायर दोन्हीकडे उत्तम चालेल, अशी अपेक्षा ठेवू नये.
* पुढे-मागे फरक : वळताना आणि ब्रेक लावताना भिस्त पुढच्या चाकावर असते. म्हणून जास्त पकडीचा टायर पुढे आणि हलका पळणारा मागे.
* दाब : सव्वादोन ते अडीच इंची ट्यूबलेस टायरसाठी साधारण २० ते ३० पीएसआय. स्वाराचे वजन पाहून सुरुवात करावी आणि एकेक-दोनदोन पीएसआयने बदल करावा. टायर व रिमवर छापलेली कमाल मर्यादा ओलांडू नये.

दाब फार कमी केला तर ट्यूब दगड आणि रिम यांच्यात चिमटून तिला दोन भोके पडतात. ट्यूबलेसमध्ये चिमटायला ट्यूबच नसते, म्हणून तिथे दाब आणखी उतरवता येतो.

टायर बसवताना कुठे चुकते?

बहुतेकांची झटापट शेवटच्या वीतभर कडेशी होते. उपाय जोर लावण्यात नाही. रिमच्या मधोमध खोलगट खाच असते. कड तिथे ढकलली की दुसऱ्या बाजूला ढील मिळते. व्हॉल्व्हच्या ठिकाणी कड खाचेत उतरत नाही; म्हणून सुरुवात व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूने करून शेवट व्हॉल्व्हपाशी करावा. वेल्च यांची तार आणि खोलगट रिम आजही अशीच कामाला येते.

त्याआधी टायरवरील बाण फिरण्याच्या दिशेने आहे ना, हे पाहावे. ट्यूब असेल तर तिच्यात थोडी हवा भरून घ्यावी, म्हणजे ती कडेखाली अडकत नाही. ट्यूबलेसमध्ये रिमची टेप अखंड असावी. सीलंट घालून एकदम जोराने हवा भरावी. कड जागेवर बसताना टकटक आवाज येतो. मग दोन्ही बाजूंनी टायरवरची बारीक रेघ रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर आहे का, ते तपासावे. सीलंट काही महिन्यांत वाळते, त्यामुळे अधूनमधून भर घालावी लागते.

डनलॉप यांच्या हाती काय राहिले?

डनलॉप १८९२ मध्ये डब्लिनला राहायला गेले. कंपनीशी मतभेद वाढले आणि १८९५ मध्ये त्यांनी संचालकपद सोडले. पुढच्याच वर्षी टेरा हूली या भांडवलदाराने ती कंपनी ३० लाख पौंडांना घेतली आणि ५० लाख पौंडांना बाजारात आणली. त्या वेळी कंपनीच्या नावात डनलॉप हा शब्द आला. म्हणजे नाव आत आले, तेव्हा माणूस बाहेर पडलेला होता. या उलाढालीतून त्यांना मोठी संपत्ती मिळाली नाही. उत्तरायुष्यात ते डब्लिनमधील कापडाच्या व्यवसायात रमले.

आयुष्याच्या अखेरीस कंपनीने जाहिरातींत त्यांची छबी वापरली. साध्या राहणीच्या या माणसाला तिथे उंच टोपी, छडी आणि एका डोळ्याचा चष्मा लावलेला छानछोकी गृहस्थ दाखवले होते. ते कोर्टात गेले आणि हा वाद थेट ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत पोहोचला. शोधाच्या मालकीसाठी नव्हे, तर स्वतःच्या चेहऱ्यासाठी त्यांना कायद्याची पायरी चढावी लागली. २३ ऑक्टोबर १९२१ रोजी डब्लिनमध्ये त्यांचे निधन झाले. हवेच्या टायरच्या इतिहासावरील त्यांचे पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाले. पुढे उत्तर आयर्लंडच्या दहा पौंडांच्या नोटेवर त्यांचे चित्रही आले.

कल्पना आधी थॉमसन यांना सुचली, टायर सुटा करण्याची सोय वेल्च, बार्टलेट आणि मिशलँ यांनी केली, पैसा दू क्रो आणि हूली यांनी कमावला. डनलॉप यांचे श्रेय मधल्या टप्प्याचे आहे. योग्य वेळी, योग्य वाहनावर, अंगणात चाक घरंगळवून त्यांनी हे दाखवून दिले, की रस्ता खराब असेल तर चाक टणक करायचे नसते, त्याला थोडे दबू द्यायचे असते. डोंगरवाटेच्या पायथ्याशी थांबून टायरमधली थोडी हवा सोडणारा प्रत्येक सायकलस्वार हाच प्रयोग पुन्हा करत असतो.